मेरिटवाल्यांनो, तुमचा नेट टाइम किती?

आरक्षणावर वाद सुरू झाला की शर्यतीचे उदाहरण हमखास पुढे येते. "शर्यतीत सगळ्यांना एकच रेषा, एकच नियम. जो आधी पोहोचला तो जिंकला. मग तुम्हालाच सवलत कशाला?" कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्यापैकी प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकले आहे. आपण उत्तर द्यायला जातो तेव्हा बहुतेक वेळा शर्यतीचे उदाहरण बाजूला ठेवतो आणि इतिहास सांगू लागतो.

आमचे म्हणणे आहे की ते उदाहरण बाजूला ठेवू नका, घट्ट धरून ठेवा. कारण ते देणाऱ्यांना शर्यत ठाऊक नसते.

आम्हाला ती आता थोडीफार कळू लागली आहे. आमच्या वस्तीतले आम्ही सात जण, तीन मुली आणि चार मुलगे, गेली दीड वर्षे पळतो आहोत. आमच्यात कोणी डिलिव्हरीचे काम करतो, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, एक ताई अंगणवाडीत सेविका आहे. आतापर्यंत आम्ही १० किलोमीटरच्या दोन शर्यती पळालो, मग २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन, आणि आमच्यातल्या दोघांनी पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. आमच्यात कोणीही पटाईत धावपटू नाही. आम्ही मागच्या गर्दीतले लोक आहोत. पण मागून जे दिसते ते पुढच्यांना दिसत नाही, म्हणून हा लेख.

शर्यतीचे खरे नियम

पहिला नियम वेळेचा. मोठ्या शर्यतीत हजारो लोक असतात. सगळे एकाच वेळी रेषेवर मावत नाहीत. म्हणून बंदुकीचा बार झाला तरी मागचा माणूस जागचा हलत नाही. आमच्या पहिल्या हाफ मॅरेथॉनमध्ये बार झाल्यापासून आमचा पाय रेषेवर पडेपर्यंत ११ मिनिटे गेली. त्या ११ मिनिटांत पुढचे लोक दोन किलोमीटर पुढे गेले होते.

मग आम्ही ११ मिनिटांनी हरलो का? नाही. प्रत्येकाच्या बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला, एक चिप असते. रेषेवर अंथरलेल्या मॅटवरून पाय गेला की तुमचे घड्याळ सुरू होते. त्यामुळे प्रमाणपत्रावर दोन वेळा छापून येतात. बंदुकीपासून मोजलेला तो गन टाइम. तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजलेला तो नेट टाइम. अगदी पुढे उभ्या असलेल्या, बक्षिसासाठी पळणाऱ्या अव्वल धावपटूंचा निकाल गन टाइमवर लागतो, कारण ते खरोखरच एका रेषेवर उभे असतात. आपल्यासारख्या हौशी माणसाची वेळ मात्र नेट टाइमने सांगितली जाते. पुढच्या शर्यतीत प्रवेशासाठीही तीच विचारतात. का? कारण मागे उभे राहावे लागणे हा पळणाऱ्याचा दोष नाही, हे शर्यत भरवणाऱ्यांनी मान्य केले आहे.

आता पुढे कोण उभे राहते तेही बघा. उभे राहण्याचे गट ठरतात मागच्या शर्यतींच्या प्रमाणपत्रांवरून. आधी पळायची संधी ज्याला मिळाली तो पुढच्या गटात, ज्याच्याकडे कागद नाही तो शेवटच्या गटात. ज्याच्या आजोबाकडे मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते त्याचा नातू पुढच्या गटात जन्मतो आणि ज्याच्या आजोबाला शाळेच्या दाराबाहेर बसवले त्याचा नातू मागे. फरक एवढाच की शर्यतीत मागच्याच्या पायाला चिप आहे, समाजात नव्हती. बाबासाहेबांनी संविधानात ती चिप बसवली. आरक्षण हा आपला नेट टाइम आहे.

दुसरा नियम गटांचा. जगातल्या सर्वांत जुन्या वार्षिक मॅरेथॉनपैकी एक बोस्टनची. तिथे नाव नोंदवायला आधी दुसऱ्या एखाद्या मॅरेथॉनमध्ये ठराविक वेळ काढून दाखवावी लागते. २०२६ च्या शर्यतीसाठी ३५ वर्षांखालील पुरुषाला २ तास ५५ मिनिटे, त्याच वयाच्या स्त्रीला ३ तास २५ मिनिटे आणि ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला ३ तास ५० मिनिटे अशी अट होती. एकाच शर्यतीला वेगवेगळे कट-ऑफ! त्यावर कोणी मोर्चा काढला का? साठीच्या गृहस्थाने २ तास ५५ मिनिटांच्या तरुणाची जागा खाल्ली असे कोणी म्हणाले का?

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. कट-ऑफ वेगळा असला तरी अंतर कोणाचेही कमी होत नाही. साठीच्या माणसालाही ४२.१९५ किलोमीटरच पळावे लागते. आपल्या मुलांचेही तसेच आहे. प्रवेशाचा कट-ऑफ वेगळा असेल, पण एमबीबीएसची शेवटची परीक्षा एकच, उत्तीर्ण व्हायचे गुण एकच. 'कोट्यातला डॉक्टर' म्हणून हिणवणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

कोणी म्हणेल, वयाची तुलना जातीशी कशी करता? वय निसर्गाने येते. बरोबर. वय वाढले यात कोणाचाच गुन्हा नाही, तरी त्याची भरपाई आहे. जात तर माणसांनी लादली. मग भरपाईचा हक्क कोणाचा जास्त?

हे सारे आम्ही एका माणसाला सांगू शकलो असतो. एका शर्यतीनंतर फोटोसाठी गर्दी झाली होती. बिबवर छापलेले आमच्या मित्राचे आडनाव वाचून एक सद्गृहस्थ हसत म्हणाले, "काय, एंट्री कोट्यातून मिळाली का?" त्यांच्या गळ्यात ५५ वर्षांवरील गटातल्या तिसऱ्या क्रमांकाचे पदक होते. एकूण निकालात ते आमच्या त्याच मित्राच्या मागे होते. आमच्या ताईने त्यांचे अभिनंदन केले, अगदी मनापासून. कारण ते पदक त्यांनी कष्टाने मिळवले होते. त्यांच्या गटात मिळवले म्हणून ते खोटे ठरत नाही. एवढी साधी गोष्ट त्यांना स्वतःच्या गळ्यातल्या पदकाबद्दल कळते, आपल्या पदवीबद्दल कळत नाही.

दार कोणासाठी बंद होते

'मेरिट असेल तर कोणीही पुढे येतो' हा दुसरा लाडका दावा. शर्यतींचा इतिहास याला काय उत्तर देतो ते पाहू.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून होते. अनेक दशके ती अधिकृतपणे फक्त गोऱ्या पुरुषांची होती. १९३५ मध्ये रॉबर्ट एमत्शाली नावाचा काळा माणूस बिननोंदणीचा पळाला आणि साडेनऊ तासांच्या आसपास त्याने ती पूर्ण केली. पाय त्याचे, घाम त्याचा, पण अधिकृत निकालात नाव नाही. काळ्या धावपटूंना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७५ मध्ये. त्यानंतर अवघ्या १४ वर्षांनी, १९८९ मध्ये, सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता ठरला. पुढे बोंगमुसा एमथेम्बू तीनदा जिंकला. २०२२ मध्ये टेटे डिजाना जिंकला, तो नोकरीने सुरक्षा रक्षक होता. १९२१ ते १९७५ या काळात काळ्यांकडे मेरिट नव्हते आणि १९७५ नंतर ते अचानक उगवले, असे म्हणायचे का? मेरिट होतेच. दार बंद होते. २०१९ पासून ९ ते १० तासांत पोहोचणाऱ्यांना रॉबर्ट एमत्शालीच्या नावाचे पदक दिले जाते. त्याच्या वेळेची नोंद व्हायला ८४ वर्षे लागली.

स्त्रियांचे तेच. ज्या बोस्टनचे कट-ऑफ आपण वर पाहिले, तिथेच १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर पळत असताना एका अधिकाऱ्याने मधे घुसून तिचा बिब ओढायचा प्रयत्न केला. स्त्रियांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ मध्ये. तोवर बाईच्या शरीराला एवढे अंतर झेपणार नाही असे शहाणी माणसे सांगत होती.

आपल्याकडचे उदाहरण लांब शोधायला नको. पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे या देशातले श्रेष्ठ गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात यायचा. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचा भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. चेंडूला स्पर्श चालत होता, कपाला नाही.

आणि ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी काय केले तेही आपण शिकले पाहिजे. १९३६ मध्ये, ज्या वर्षी बाबासाहेबांचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या लोकांनी न्यूयॉर्क पायोनियर क्लब सुरू केला. ज्या क्लबांची दारे त्यांना बंद होती त्यांच्यासारखा क्लब त्यांनी काढला नाही. त्यांनी पुढे आपले दार सर्व वर्णांना उघडले. त्याच क्लबातला टेड कॉर्बिट हा गुलामांचा नातू १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाला आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या धावपटूंच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाने अचूक मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. अंतर सर्वांना खरोखर सारखे असावे याची सर्वांत जास्त काळजी कोणी केली, तर ज्याच्या आजोबांना माणूस म्हणून मोजले नव्हते त्याने. हा योगायोग नव्हे.

मेरिटमध्ये झोप किती असते?

आता शरीराचे ऐका. सुरुवातीला आम्हाला एक किलोमीटर सलग जमत नव्हते. एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे. शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू पळायचे. रविवारी एकदा लांब पल्ला आणि तो दर आठवड्याला थोडासाच वाढवायचा. चार महिन्यांत १० किलोमीटर आले. १५ किलोमीटरनंतर मांड्या घासतात, त्याला व्हॅसलिन लागते. अंगठ्याचे नख काळे पडते. घाम वाळून कपाळावर मिठाची पूड येते. पूर्ण मॅरेथॉन पळालेले आमचे दोघे सांगतात की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला शरीरात साठवलेली साखर संपत येते आणि पाय दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात.

पण सर्वांत मोठी शिकवण वेगळी आहे. पळताना शरीराची झीज होते आणि ते घडते विश्रांतीत. सरावाचा फायदा झोपेत आणि जेवणात मिळतो. आमच्यातला डिलिव्हरीवाला मित्र रात्री एक वाजता घरी येतो. पहाटे पाचला तो उठला तर चार तासांची झोप. त्याच्या शेजारून पळणारा माणूस आठ तास झोपून, अंडी-दूध घेऊन, प्रशिक्षकाचा सल्ला घेऊन आलेला असतो. दोघांच्या वेळेत २० मिनिटांचा फरक पडतो. तो फरक जिद्दीचा आहे का? चिप रेषेवर सुरू होते, पण कोण किती झोपून रेषेवर आला हे तिला कळत नाही. म्हणजे नेट टाइमसुद्धा पुरता न्याय करत नाही. आरक्षणालाही मर्यादा आहेत त्या इथेच. त्याने दार उघडते. झोप, जेवण, शांत घर आणि मोकळा वेळ यांच्यासाठी वेगळा लढा लागतो.

म्हणूनच अनवाणी पळणाऱ्या गरिबाच्या कौतुकाला भुलू नका. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून जिंकला, ही गोष्ट सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला आणि आधीपेक्षा तीन मिनिटांनी लवकर पोहोचला, हे फार थोडे सांगतात. गरिबीने कोणी वेगवान होत नाही. ज्यांना बूट द्यायचे नसतात तेच अनवाणी पायांवर कविता करतात.

आणखी एक दृश्य. शर्यतीत दर दोन-अडीच किलोमीटरवर पाण्याचे टेबल असते. पळता पळता कोणाच्याही हातून ग्लास घ्यायचा, दोन घोट प्यायचे. ज्या समाजाला पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्याच्या पोरांना हा साधा ग्लासही साधा वाटत नाही. पण पुढे बघा. तो ग्लास, ती बाटली लोक रस्त्यावर फेकतात. हजारोंनी. मागे झाडू घेऊन उभ्या असतात कंत्राटी सफाई कामगार, आपल्याच आया-बहिणी. त्या आमच्या आधी आलेल्या असतात आणि आम्ही पदक घालून घरी गेल्यावरही वाकलेल्या असतात. खरी सहनशक्तीची शर्यत तीच. तिला बिब नाही, चिप नाही, कट-ऑफही नाही. आपल्या समाजात दम नाही असे जो म्हणेल त्याला तो रस्ता दाखवावा. दम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो आजवर दुसऱ्यांच्या नावावर जमा झाला.

मग आपण करायचे काय?

चळवळीतलेच काही मित्र विचारतात, "पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात आणि तुम्ही हजार-दीड हजार भरून पळता? ही श्रीमंतांची चैन आहे." प्रश्न रास्त आहे. शर्यतीची फी आणि बुटांची किंमत पाहिली तर चैनच वाटते. पण पळणे आपल्या वस्तीला नवे नाही. पहाटे हायवेच्या कडेने पळणारी पोरे कोणाची असतात? पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी, वर्षानुवर्षे आपलीच मुले पळतात. वयाची मर्यादा ओलांडली, भरती हुकली की पळणे संपते. मग तोच मुलगा दोन वर्षांत नाक्यावर बसलेला दिसतो, तोंडात गुटखा. चाळिशीत साखर आणि बीपी. चैन कशाला म्हणायचे? आपल्या तरुणांची शरीरे अशी वाया जाणे आपल्याला परवडते का?

३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी मनुष्यबळ, धनबळ आणि मनोबळ असा बळाचा हिशेब समाजापुढे मांडला होता. लांब पल्ला पळणारा माणूस मनोबळ कसे वाढते ते शरीराने शिकतो. आज दोन, उद्या अडीच, सहा महिन्यांनी एकवीस. केस वर्षानुवर्षे चालतात, आंदोलने लांबतात. त्यासाठीही हेच वळण लागते.

म्हणून आमच्या सूचना अगदी साध्या आहेत.

एक, भरती हुकलेल्या मुलांना वस्तीचे प्रशिक्षक करा. त्यांना पळायचे शास्त्र येते. बुद्धविहाराच्या अंगणातून आठवड्यातून तीन दिवस सुरुवात करा.

दोन, मुलींचा गट सुरुवातीपासून असावा आणि वेळ त्यांनी ठरवावी. आमच्याकडे मुलींनी सांगितले, उजाडल्यावरच निघायचे, आणि मुले तेव्हाच निघतात. रस्त्यावर दिवे नसतील तर नगरसेवकाच्या दारात जाणे हाही सरावाचा भाग समजा.

तीन, बुटांची पेटी करा. ज्यांचे बूट बदलले त्यांनी चांगले असतील तर पेटीत द्यावेत. शर्यतीची फी वर्गणीतून द्या, आळीपाळीने.

चार, चाळिशीपुढच्यांनी आधी सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखर तपासावी. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे. शर्यत पुन्हा येते.

पाच, पैसे भरूनच शर्यत होते असे नाही. येत्या १४ एप्रिलला पहाटे आपापल्या गावात १० किलोमीटरची समता दौड घ्या. अंतर नीट मोजा. फी नको, प्लॅस्टिक नको, घरून स्टीलचे पेले आणा. सर्व जातींच्या मुलांना बोलवा, पायोनियर क्लबसारखे. रस्ता पळणाऱ्यांनीच झाडायचा आणि पहिले पदक त्या वॉर्डातल्या सफाई कामगार ताईला. मोठ्या शर्यती भरवणाऱ्यांकडे त्या दिवसाच्या जादा मजुरीची आणि फीमधल्या सवलतीची मागणी लेखी द्या.

आणि यापुढे कोणी तुम्हाला म्हणाला की आयुष्य ही शर्यत आहे, तर चिडू नका. त्याला शांतपणे विचारा, "दादा, तुम्ही सांगताय तो गन टाइम की नेट टाइम? तुम्ही कितव्या गटात उभे होतात? आणि तुमच्यामागचा रस्ता कोणी झाडला?"

उत्तर येईपर्यंत थांबू नका. पळत राहा.

जयभीम!